हिरवा दिवा आणि अर्धी वाटी हुग्गी

रविवारी दुपारी दोन वाजता भूपालअण्णा मगदूम सुनेच्या खोलीत स्टुलावर उभे होते आणि एक डोळा मिटून, इलेक्ट्रिकच्या बोर्डावर स्पिरिट लेव्हल धरून बघत होते. बोर्डाच्या प्लगात त्यांना वायफायची डबी खोचायची होती. डबी साबणाच्या वडीएवढी. खालच्या मजल्यावरचं नेट ओढून घ्यायचं आणि वरच्या मजल्याला द्यायचं, एवढंच तिचं काम. पण बोर्ड सूतभर डावीकडं कलला होता आणि कललेल्या बोर्डात नवी वस्तू बसवणं अण्णांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तासभर खपून त्यांनी बोर्ड उचकटला, नवे स्क्रू पिळले, बोर्ड सरळ केला आणि मग कुठं डबी खोचली.

"अहो, नेट काय पाणी हाय व्हय, उताराला वाहून जायला?" दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, अक्काताईंनी विचारलं.

"लेव्हल चुकली की पुढचं समदं चुकतंय," अण्णा म्हणाले. "बत्तीस वर्सं ह्येच केलंय मी."

डबीवर दिवा लागला. लाल. पुस्तकात हिरवा लागेल असं लिहिलं होतं.

अण्णा बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. शाहूपुरीच्या गल्लीतलं हे घर त्यांनी एकोणनव्वद साली स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं आणि त्याच्या स्लॅबात दुप्पट सळी घातली होती. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते स्लॅबाची माहिती देत. पस्तीस वर्षांत त्या स्लॅबातून पाण्याचा थेंब झिरपला नव्हता, आणि आता वायफायही झिरपेना. खाली सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, नेटचं मशीन होतं तिथं नेट धो धो यायचं. वर सुनेच्या, ऐश्वर्याच्या खोलीत मात्र फोनवर एक काडी दिसायची, तीही आली तर आली.

एरवी हे चाललं असतं. पण ऐश्वर्याची नोकरी पुण्याच्या कंपनीत होती. कंपनीनं सोमवारपासून तिला घरून काम करायची परवानगी दिली होती, ती एका अटीवर. सोमवारी सकाळी साडेनऊला कंपनी तिच्या खोलीतल्या नेटचा वेग तपासणार. वेग भरला तर कोल्हापूर, नाही भरला तर पुणे. शुक्रवारी जेवताना अनेकांतनं, म्हणजे अण्णांच्या एकुलत्या एक मुलानं, हे सांगितलं आणि वर म्हणाला, "न्हाईच झालं तर आम्ही दोघंबी पुण्यालाच बघतो, अण्णा. माझीबी बदली हुईल." आणखी एक पापड मागावा इतक्या सहज तो हे म्हणाला. अण्णांच्या तोंडातला घास बराच वेळ इकडून तिकडं फिरत राहिला. एवढं मजबूत घर बांधलं ते दोघांसाठी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिकचं दुकान उघडायच्या आधी ते त्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि डबी घेऊन आले.

रविवारी अनेकांत आणि ऐश्वर्या एका साखरपुड्याला जयसिंगपूरला गेले. जाताना अनेकांत म्हणाला, "अण्णा, तुम्ही त्या डबीला हात लावू नगा. पिराजीला सांगितलंय, मंगळवारी येतोय त्यो."

"कंपनी सोमवारी बघणार आन फिटर मंगळवारी येणार?"

"बघू की."

हे 'बघू' अण्णांना मुळीच सोसायचं नाही. बत्तीस वर्षांत ठेकेदारांनी त्यांना जेव्हा जेव्हा 'बघू' म्हटलं, तेव्हा तेव्हा भिंतीला तडा गेला होता. मोटरसायकल गल्लीच्या टोकाला वळायच्या आत अण्णांनी डबीचं खोकं फोडलं.

डबीबरोबर अडतीस पानांचं पुस्तक होतं. त्यात नऊ भाषा होत्या, मराठी नव्हती. अण्णांनी ते पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचलं. सोपी पद्धत अशी होती की, खालच्या मशीनचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत वरच्या डबीचं बटण दाबायचं. जिना बाहेरून, पायऱ्या एकोणीस, अण्णांचं वय चौसष्ट. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि खालचं बटण दाबून ते पळाले. दिवा लाल. पुन्हा खाली, पुन्हा वर. लाल. चौथ्या खेपेला अक्काताईच जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"डबी राहू दे, तुमचाच दिवा लाल व्हायचा!"

"बाजूला हो, दोन मिनटं संपत्यात!"

चौथ्यांदाही लालच लागला. अण्णा घामाघूम होऊन खाली उतरले आणि तडक भगवंतांच्या तसबिरीपुढं जाऊन उभे राहिले.

जैनाच्या घरात नियम घेणं ही नेहमीची गोष्ट. कुणी महिनाभर तूप सोडतं, कुणी चातुर्मासात पालेभाजी. कमीजास्त काहीही घ्या, पण एकदा घेतला की मोडायचा नाही, एवढं एकच कलम त्यात असतं. अण्णा एरवी विचार करून, पंचांग बघून नियम घ्यायचे. आज त्यांनी रागाच्या भरात हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "डबीचा दिवा हिरवा हून माझ्या घरचं नेट सुनंच्या खोलीत येस्तवर अन्नपाण्याचा त्याग!"

स्वयंपाकघरात पळीचा आवाज थांबला. अक्काताई पळी घेऊनच बाहेर आल्या.

"काय म्हणालासा?"

"ऐकलंस की."

"अहो, आपण दिवस मावळल्यावर जेवतोय का कवा? मग दिवस कधी मावळतोय, त्येबी बघायचं न्हाई व्हय?"

अण्णांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. सूर्यास्त सहा छत्तीस. त्यानंतर दिवा हिरवा झाला काय आणि निळा झाला काय, उद्या उजाडेपर्यंत घास नाही.

"आन तुमची साखरंची गोळी?" अक्काताई म्हणाल्या. "गोळी जेवणाआधी, जेवण सूर्याआधी, आन आता सूर्याच्याबी आधी ती डबी! बरं, आज मी हुग्गी केलीया."

हा घाव वर्मी लागला. गव्हाची हुग्गी, गूळ, खसखस आणि ओल्या खोबऱ्याची, अण्णांचा जीव की प्राण. साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी महिन्यातून एकदा अर्धी वाटी एवढीच सूट दिली होती. गेले एकोणतीस दिवस ते त्या अर्ध्या वाटीकडं डोळे लावून बसले होते. पण नियम तो नियम. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"साडेतीन तास हायेत," अण्णा म्हणाले. "साडेतीन तासांत मी पुलाचा स्लॅब ओतून घेतलाय."

पुस्तकात दुसरी पद्धत होती, फोनवरून सेटिंग करायची. आधी फोन डबीच्या स्वतःच्या नेटला जोडायचा, मग एक पान उघडायचं, त्या पानावर आपल्या घरच्या नेटचं नाव निवडायचं आणि पासवर्ड घालायचा. अण्णांनी फोन डबीला जोडला. फोन म्हणाला, इथं इंटरनेट नाही. आणि अण्णांना न विचारता परत खालच्या मशीनला जाऊन चिकटला. अण्णांनी त्याला पुन्हा डबीला जोडला. फोन पुन्हा पळाला. तासभर हा खेळ चालला. शेवटी अण्णांनी फोनमधून खालच्या मशीनची ओळखच पुसली, तेव्हा तो मुकाट्यानं डबीजवळ राहिला आणि पान उघडलं. पानानं पासवर्ड विचारला.

"आपल्या नेटाचा पासवर्ड काय गं?"

"मला इचारताय? घरात नेट आलं तवा तुम्हीच पिराजीपुढं वही घिऊन बसलातासा."

अण्णांनी पिराजीला फोन लावला. पिराजी कागलला कुणाच्या तरी छतावर होता. "अण्णा, मी सांगितलाता की तुम्हांस्नी! तुम्हीच कॅलेंडरवर लिवलासा. मला न्हाई ध्यानात, माझ्याकडं दोनशे घरं हायेत!"

हे मात्र खरं होतं. अण्णा महत्त्वाचं सगळं कॅलेंडरवर लिहीत. आणि वर्ष संपलं की अक्काताई ते कॅलेंडर स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या खाली अंथरत. तीन वर्षांची तीन कॅलेंडरं, तीन फळ्या. अण्णांनी खुर्ची ओढली आणि डबे उतरवायला सुरुवात केली. डाळी, तिखट, पोह्यांचा डबा, शेंगदाण्यांचा, तिळाचा, आणि ज्यात काय आहे हे अक्काताईंनाही आठवत नव्हतं असा एक. जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"परत लावून देणार असलासा तरच उतरवा!"

"ह्यो बघ!"

दुसऱ्या फळीवर, कैरीच्या लोणच्याच्या बरणीखाली अण्णांचं सुबक अक्षर सापडलं. 'वायफाय पासवर्ड', त्यापुढं सात अक्षरं, आणि त्यापुढं बरणीच्या बुडाएवढा तेलाचा गोल डाग. अण्णांनी कागद उजेडात धरला, भिंग लावलं, पालथा करून बघितला. लोणच्यानं उरलेलं खाऊन टाकलं होतं.

"चांगलं मुरलंय," अक्काताई म्हणाल्या.

पाच वाजून गेले होते. तेव्हा अण्णांना एकदम शेजारी आठवला. बोळाच्या पलीकडं हंबीरराव राहत, एकेकाळचे नावाजलेले पैलवान. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोबाइलवर कुस्तीचं मैदान दिसेना, तेव्हा अण्णांनी त्या दिवसापुरता त्यांना पासवर्ड सांगितला होता. अण्णा खिडकीत गेले. हातभर बोळाच्या पलीकडं हंबीरराव अंगाला तेल चोळत बसले होते.

"हंबीरराव, आमच्या नेटाचा पासवर्ड ठाऊक हाय का तुम्हांला?"

हंबीररावांच्या हातातली तेलाची बाटली निसटली. "कुठला पासवर्ड? न्हाय बा! मला कसा ठाऊक असंल? आमचा काय संबंध?"

"आवं, मीच सांगितलाता की दोन वर्सांखाली. कुस्ती बघायला."

"आँ? व्हय व्हय. त्यो व्हय!" हंबीररावांनी घाम पुसला आणि डोळे मिटून अकराच्या अकरा अक्षरं, आकडे, मधली आडवी रेघ, सगळं एका दमात म्हणून दाखवलं.

अण्णा थक्क झाले. "हिला म्हणायचं स्मरणशक्ती!" त्यांनी अक्काताईंना सांगितलं. "दोन वर्सांखाली एकदा ऐकलेलं! दूधतूप खाल्लेलं शरीर त्ये."

सहा वाजता अण्णा पुन्हा वर, स्टुलावर. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन खोलीत आलं होतं आणि ते मिनिटामिनिटाला भिंतीवर वर सरकत होतं. पोटात कावळे कोकलत होते. दुपारभर पाणीही नव्हतं, जीभ टाळ्याला चिकटली होती. फोनचं पान मिटलं होतं, ते पुन्हा उघडून आत जायला वीस मिनिटं गेली. अखेर पानावर जवळपासच्या नेटांची यादी आली. सगळ्यात वर चार काड्यांचं 'पैलवान'.

"हंबीररावांनीबी नेट घेतलं जणू," अण्णा पुटपुटले. त्याच्याच खाली, एका मरतुकड्या काडीचं 'मगदूम निवास'. अण्णांनी चष्मा सारखा केला, श्वास रोखला आणि 'मगदूम निवास'वर बोट नेलं.

ही यादी एक क्षण धड उभी राहत नाही. बोट टेकायला आणि यादी हलायला एकच गाठ पडली. 'मगदूम निवास' खाली घसरलं, बोटाखाली दुसरंच आलं. अण्णांना ते दिसलं नाही, कारण त्याच क्षणी खालून आवाज आला होता, "सहा अठ्ठावीस झालं हो!"

पासवर्डची चौकट आली. अण्णांनी अकरा अक्षरं एकेक करून, मोठ्यानं म्हणत, घातली. डबीचा दिवा लाल झाला, विझला, पिवळा झाला, पुन्हा विझला. अण्णांचे हात आपोआप जोडले गेले. आणि दिवा लागला. हिरवा. गवतासारखा हिरवागार. फोनवर चार काड्या उभ्या राहिल्या.

"झालं!" अण्णा ओरडले. "वाढ!"

एकोणीस पायऱ्या ते कशा उतरले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सहा एकतीसला पाणी, सहा बत्तीसला गोळी, मग डब्यांच्या गराड्यात मांडी घालून, समोर घड्याळ ठेवून भाकरी, भाजी, आणि शेवटी हुग्गी. सहा पस्तीसला त्यांनी वाटी बोटानं निपटून चाटली आणि चूळ भरली. एवढ्या समाधानानं ते निवृत्तीच्या दिवशीही घरी आले नव्हते.

सातला मुलगा आणि सून आले. अण्णांनी नुसता जिन्याकडं हात केला. ऐश्वर्या वर गेली, लॅपटॉप उघडला आणि सासऱ्यांना तिथूनच ओरडून म्हणाली, "मामा! किती फास्ट चालतंय हे! कसं केलंत तुम्ही?"

"लेव्हलमध्ये बसवली," अण्णा म्हणाले.

अनेकांतनंही दोन्ही हात जोडून बापाला नमस्कार केला. सगळे वरच्या खोलीत जमले. ऐश्वर्यानं डबीचं सेटिंगचं पान उघडलं, सगळं नीट आहे ना बघावं म्हणून. आणि ती जरा विचारात पडली.

"मामा, हे आपल्या नेटला न्हाई जोडलेलं. हे 'पैलवान'ला जोडलंय."

"कुणाला?"

"शेजारच्या हंबीररावांच्या नेटला."

सगळे डबीकडं बघू लागले. मग अनेकांत हसत सुटला. "मग काय झालं? वेग तर भरतोय! उद्या कंपनी बघंल आन जाईल. पण आपला पासवर्ड त्यांच्या नेटला कसा लागला? पिराजीनं समद्यांना एकच दिलेला दिसतोय, आळशी!"

अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. कुणी न दिलेली वस्तू घेणं म्हणजे चोरी, हे त्यांना पाठशाळेत सहाव्या वर्षी शिकवलं होतं. आणि 'माझ्या घरचं नेट' असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं भगवंतांपुढं म्हटलं होतं. म्हणजे चोरीही झाली, नियमही मोडला, आणि अर्धी वाटी हुग्गी पोटात जाऊन बसली. ती आता तिथं दगडासारखी जड लागू लागली.

"बदल त्ये," ते म्हणाले. "आपल्या नेटाला जोड."

ऐश्वर्यानं जोडलं. दिवा लाल. डबी दारात धरून बघितली, जिन्यात धरून बघितली. लाल, लाल. "स्लॅबमधून येतच न्हाई, मामा. सळी लई हाय वाटतं."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या सळीचं नाव निघालं आणि अण्णा गप्प राहिले. ऐश्वर्यानं त्यांच्याकडं बघून डबी परत 'पैलवान'ला जोडली. दिवा निमूट हिरवा झाला.

अण्णा उठले. "माझी टोपी कुठं हाय? मी हंबीररावांकडं जाऊन कबूल करणार. मागून घेणार. देणार न्हाईत तर पाय धरणार."

"उद्या सांगा की," अनेकांत म्हणाला.

"उद्या साडेनऊला पोरीचं काम हाय. तिचं काम मी चोरीवर उभं करू?"

अक्काताईंनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि वाद न घालता वाटीभर हुग्गी झाकून बरोबर घेतली.

हंबीरराव दारातल्या कट्ट्यावर बसले होते. अण्णा टोपी घालून येताना दिसले, मागं अक्काताई झाकलेली वाटी घेऊन, तेव्हा हंबीररावांनी मिशीवरचा हात काढला आणि उठून उभे राहिले. टोपी घालून अण्णा फक्त लग्नाला आणि कोर्टात जायचे.

"हंबीरराव, जरा नेटाचं बोलायचं हुतं."

"कळलं तर," हंबीरराव म्हणाले. त्या आडदांड देहातून आवाज अगदी बारीक निघाला.

"आजच कळलं. सुनेनं दाखवलं. मला रात्री झोप लागायची न्हाई म्हणून आलो. चूक झाली."

"झाली, अण्णा. कबूल हाय."

"मुद्दाम न्हाई झाली."

"मुद्दामच झाली. आता खोटं कशापायी बोलू?"

"मुद्दाम कशी म्हणताय?" अण्णा दुखावले. "यादी हलली म्हणून बोट पडलं! आन अजून तासबी झाला न्हाई त्येला!"

"तास कुठला, अण्णा? दोन वर्सं झाली की!"

"दोन वर्सं?"

आतून हंबीररावांच्या मंडळी, धोंडुबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आवं, त्येंनी त्येंचं सांगाय लागल्यात," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी तुमचं कशाला सांगून बसलासा?"

पण आता उशीर झाला होता. हंबीररावांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. नेट त्यांनी घेतलंच नव्हतं. कुस्तीच्या दिवशी मिळालेला पासवर्ड जपून ठेवला, मुलाकडून असलीच एक डबी मागवली आणि माडीवरच्या खिडकीत लावली. अण्णांच्या सोप्याची खिडकी समोरच, मशीन तिथंच. बोळ ओलांडून नेट सरळ यायचं. डबीला नाव दिलं 'पैलवान', पासवर्ड तोच ठेवला, कारण दुसरा पाठ होईना.

"म्हंजे," अण्णा हळूच म्हणाले, "मी जे तुमचं चोरलं..."

"त्ये तुमचंच हाय, अण्णा."

दोघं माडीवर गेले. खिडकीच्या गजाला डबी बुटाच्या नाडीनं बांधली होती, वायर लोंबत होती, सगळं तिरपं. समोर, हातभर अंतरावर ऐश्वर्याच्या खोलीचा उजेड दिसत होता. अण्णांच्या स्लॅबाला अडून बसलेलं नेट त्यांच्याच सोप्याच्या खिडकीतून बाहेर पडून, हंबीररावांची माडी चढून, अण्णांच्या सुनेच्या खोलीत शिरत होतं.

"आता ही बला एक क्षण घरात ठिवणार न्हाय!" हंबीररावांना आता पश्चात्तापाचा जोर चढला होता. "पैलवानाच्या घरात चोरीची वस्तू? आत्ता उपटतो!" त्यांनी प्लगाला हात घातला.

चौसष्ट वर्षांच्या अण्णांनी झेप घेतली आणि ते मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्या मनगटाला एके काळी भलेभले लोंबकळले होते.

"काढू नगा!"

"सोडा, अण्णा! माझ्या मनाला लागलंय!"

"हंबीरराव, पाया पडतो, पण काढू नगा! ही गेली की उद्या माझी पोरं पुण्याला गेली. दोघंबी. मग त्या घरात काय करायचं आम्ही, स्लॅब बघत बसायचं?"

हंबीररावांचा हात सैल पडला. ते खिडकीखालच्या पेटीवर बसले. "माझा गेलाच की," ते म्हणाले. "बेंगळूरला. नात तिथंच झाली. रोज सात वाजता ह्या डबीतनं बोलतीया माझ्यासंगं. तिचा पयला दातबी मी ह्यातनंच बघितला. म्हणून तर लावली, अण्णा. एका दिवसापुरता दिलेला पासवर्ड, दुसऱ्यांदा मागायची लाज वाटली."

अण्णा पेटीजवळ सरकले. त्यांनी टोपी सारखी केली आणि काम मंजूर करताना लावायचे तसा आवाज लावला. "आजपासून माझं नेट मी तुम्हांला राजीखुशीनं दिलं. आता चोरी न्हाय. आन तुमच्या डबीतनं माझ्या सुनेला घ्यायची परवानगी तुम्ही द्या."

"दिली की!"

झालं. आणि तेव्हाच अण्णांच्या लक्षात आलं की, नेट पहिल्यापासून त्यांच्याच घरचं होतं, म्हणजे नियमही मोडला नव्हता. पोटातली हुग्गी एकदम हलकी झाली. आनंदाच्या भरात त्यांनी ती तिरपी डबी सरळ करायला हात पुढं केला.

"हात लावू नगा!" हंबीरराव गरजले. "सरळ केली की बंद पडती."

अण्णांनी हात मागं घेतला. फार जिवावर आलं, पण घेतला.

"अण्णा, तुमच्यातला नियम मलाबी द्या," हंबीरराव म्हणाले. "सूनबाईची ड्यूटी सुटेस्तवर ह्या प्लगाला ह्या घरातलं कुणीबी हात लावणार न्हाय!"

जिन्यात उभ्या असलेल्या धोंडुबाई काहीतरी म्हणणार होत्या, पण तोवर नियम घेऊन झाला होता.

सोमवारी साडेनऊला अण्णा जिन्याच्या नवव्या पायरीवर बसून राहिले. दहा मिनिटांनी ऐश्वर्या दारात आली आणि नुसती हसली. अण्णा उठले, आत गेले आणि कालचे सगळे डबे एकेक करून फळीवर लावू लागले. अक्काताईंनी कॅलेंडर अंथरायला दिलं, ते आधी त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचून बघितलं.

धोंडुबाईंना काय म्हणायचं होतं, ते त्याच संध्याकाळी गल्लीला कळलं. तो प्लग घरघंटीचा होता. पिठाची घरघंटी माडीवर, आणि तिच्याजवळ प्लग तो एकच. पलीकडं दुसरा बोर्ड टाकून देतो म्हणून अण्णा स्पिरिट लेव्हल घेऊन गेले, तर वायर त्याच प्लगातून ओढावी लागणार म्हणून हंबीररावांनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं. नियमाला ते अण्णांपेक्षा कडक निघाले. सकाळी साडेनऊच्या आत दळण उरकणं धोंडुबाईंना रोज जमतंच असं नाही, आणि पैलवानाला रोज सात भाकरी लागतात.

म्हणून आता संध्याकाळी सहाच्या सुमाराला बोळाच्या पलीकडून हाक येते, "अण्णा, सुटली का वो ड्यूटी सुनंची? दळाण पडलंय! ह्येंची भाकरी न्हाय अजून!"

अण्णा एकोणीस पायऱ्या चढून वर जातात, विचारून येतात आणि खिडकीत उभे राहून सांगतात, "अजून एक मीटिंग हाय म्हणतीया."

पलीकडं माडीवर, पोटावर हात ठेवून बसलेले हंबीरराव त्या डबीकडं एकटक बघत असतात. "अण्णा," ते कळवळून विचारतात, "तिकडं हिरवाच हाय का अजून?"

"हिरवाच हाय की," अण्णा म्हणतात, आणि दिवस मावळायच्या आत जेवायला बसतात.